झाडांशी मराठी

आमच्या घरमालकीणबाईंना फेब्रुवारी-मार्चात कुणी नुसता नमस्कार केला तरी राग यायचा. बाकीचं वर्ष त्या तशा बऱ्या असायच्या. म्हणजे खेकसायच्या, पण खेकसून झालं की विसरायच्या. आंब्याला मोहोर दिसायला लागला की मात्र काही खरं नसायचं. गल्लीतले लोक त्यांच्या फाटकापुढून जाताना आवाज खाली करायचे. दूधवाला घंटी न वाजवता पायरीवरच्या भांड्यात दूध ओतून पळायचा. आणि हे सगळं कशासाठी, तर घराभोवतीच्या, धड लग्नाचा मांडव मावणार नाही एवढ्या जागेत झाडं फुटायला लागली म्हणून.

मी स्वतःही काही थंड डोक्याची नाही. माझी आई म्हणते, या पोरीच्या नाकावर राग नाही, रागालाच नाक फुटलंय. त्यामुळे बाईंचा राग मला कळायचा आणि तरीही सहन व्हायचा नाही. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर प्रेमबीम काही आधी आठवत नाही. आधी आठवतो तो राग, त्यांचाही आणि माझाही.

मी लालबर्ऱ्याची. बालाघाटात विम्याच्या एका कचेरीत नोकरी लागली तेव्हा सुरुवातीला बसने अप-डाउन केलं, कंबर ढिली झाली, मग खोली शोधायला लागले. बाईंच्या फाटकावर ‘किराये से देना है’ असा पुठ्ठा टांगलेला होता. फाटक उघडून आत पाऊल टाकलं तर आतून आवाज आला, ‘रुको.’ मी थांबले. ‘नीचे देखो.’ खाली पाहिलं तर माझ्या चपलेपासून बोटभर अंतरावर कसलंतरी रोप होतं, नुकतंच उगवलेलं. ‘अब आओ,’ बाई म्हणाल्या. त्यांनी माझा पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्न काहून झालं नाही हेही विचारलं नाही. एकच विचारलं. ‘पूजा करती हो?’ मी म्हटलं, करते थोडीफार. ‘फूल चढ़ाती हो?’ चढवते. ‘यहाँ का नहीं चढ़ाना. नीचे गिरा हुआ ले लेना. पेड़ पे जो है, वो पेड़ का है.’

त्या बौद्ध. पौर्णिमेला विहारात जायच्या तेव्हा त्याही जमिनीवर पडलेलीच फुलं ओंजळीत घेऊन जायच्या. एकदा तिथे कुणीतरी म्हणालं, ‘बाई, शिळी फुलं काय आणता?’ बाई म्हणाल्या, ‘उनको चलता है. आपको नहीं चलता.’ फुलं मूर्तीपुढे ठेवली, वंदना केली आणि कुणाशी न बोलता घरी आल्या. मला हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना परत चिडल्या.

नोकरीभर त्या मलाजखंडला तांब्याच्या खाणीच्या वसाहतीत प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. नवरा खाणीत डंपर चालवायचा. तो वारल्यावर आणि स्वतः रिटायर झाल्यावर त्यांनी बालाघाटला हे घर घेतलं. ‘जिंदगीभर खड्डा पाह्यला, पोरी,’ त्या म्हणायच्या. ‘खड्ड्याच्या काठावर उभं राह्यलं का खालचा डंपर खेळण्यातला वाटे. त्यातल्याच एकात माह्या नवरा आहे हे मले माहीत राहे. आता मले भरलेलं पाह्याचं आहे. काहीबी चालन, पण भरलेलं.’

आता हे त्या माझ्याशी मराठीत बोलल्या, याला एक पार्श्वभूमी आहे. बाईंची एक वहिवाट होती. माणसांशी हिंदी, झाडांशी मराठी. बालाघाटात हिंदी सगळेच बोलतात, त्यात काही नवल नाही. मराठी घरातली पोरंही आता हिंदीतच भांडतात. पण बाईंची वाटणी एकदम काटेकोर होती. फाटकापाशी दूधवाल्याला हिंदीत झापायच्या, आणि त्याच दमात मागे वळून मोगऱ्याला, ‘तुले काय झालं रे बह्याडा, बाजूचा पाह्य कसा फुटून राह्यला, तुलेच काहून आळस?’ मी खोली घेतली तेव्हा माझ्याशी हिंदीच होती. मग एके दिवशी मी मोरीत जास्त साबण वापरला. मोरीचं पाणी सरळ लिंबाच्या झाडाकडे जायचं. बाईंनी लिंबाला आणि मला एकाच वाक्यात झापलं, आणि त्या वाक्यापासून माझ्यासाठीही मराठी सुरू झाली. माझा असा समज आहे की त्यांनी मला झाडांत जमा केलं. झाडांना जी बोलणी खावी लागायची ती सगळी मलाही खावी लागली, तेव्हा हा काही फार मोठा मान होता असं कुणी समजू नये.

आता फूलचोर. पलीकडच्या गल्लीत एक रिटायर साहेब राहायचे. अंगात जाकीट, डोक्याला मफलर, एका हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि दुसऱ्या हातात आकडी लावलेला बांबू. उजाडायच्या सुमाराला हा सभ्य गृहस्थ गल्लीगल्लीतून लोकांच्या कुंपणांवरची फुलं ओढत फिरायचा. इतर घरी कुणी काही म्हणायचं नाही, कारण देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार. बाईंची मधुमालती कुंपणावरून बाहेर लोंबायची. तिला आकडी लागली की आतून बाई उठल्याच.

‘भगवान ने बोला क्या आपको, कि दूसरे के घर से लाओ?’

साहेब चपापले, पण हटले नाहीत. ‘बहनजी, फूल तो भगवान का ही है.’

‘तो भगवान को यहीं भेज दो. देख के चला जायेगा.’

हा संवाद मी खिडकीतून किती वेळा ऐकला असेल. साहेब रोज यायचे आणि रोज बोलणी खायचे. मला शेवटी असं वाटायला लागलं होतं की त्यांना फुलांपेक्षा बोलण्यांचीच सवय लागलीय. पण बाईंचा राग खरा होता, त्यात गंमत नव्हती. साहेब गेल्यावर त्या तुटलेल्या डहाळीपाशी बराच वेळ उभ्या राहायच्या. ओठ हलत असायचे. काय बोलतात ते ऐकू यायचं नाही, पण ते मराठी असणार.

शेजारच्या वहिनींशी त्यांनी बोलणं टाकलं ते लिंबावरून. थंडीच्या शेवटी बाई लिंबाचं पाणी बंद करायच्या. आमच्या भागातले बागवाले करतात तसंच, याला ताण देणं म्हणतात. झाड कोमेजतं, पानं मलूल होतात, मग एकदम पाणी सोडलं की भरभरून बहर येतो. शेजारच्या वहिनींना त्या झाडाची दया आली. बाई विहारात गेल्या असताना त्यांनी पाइप घेऊन लिंबाला पोटभर पाणी पाजलं, आणि बाई आल्यावर वर सांगितलंही, ‘बेचारा सूख रहा था.’ बाईंनी आधी लिंबाखालची ओली माती चाचपली. मग म्हणाल्या, ‘आप अपने घर में दया करो.’ त्या वर्षी लिंबाला पानंच पानं आली, फूल नावाला. वहिनींच्या नावाने त्या वर्षभर फणफणत होत्या, आणि वहिनी मला विचारायच्या, पानी डालना भी गुनाह है क्या?

या असल्या बाईबरोबर मी वसंत काढले. सांगते कसे काढले.

पहाटे दारावर काठी वाजायची. मी रात्री मोबाइल पाहत जागलेली, डोळे उघडत नसायचे. दार उघडलं की बाई स्वेटर घालून उभ्या. ‘पाह्य,’ म्हणायच्या, एवढंच. मी चपला सरकवून मागे जायची. त्या काठीच्या टोकाने दाखवायच्या. एखाद्या वठल्यासारख्या काडक्यावर तांदळाच्या कणीएवढा लालसर ठिपका. दुसऱ्या दिवशी परत काठी, परत ‘पाह्य’. ठिपका फुगलेला. मग त्याला चिरा पडलेल्या. मग त्यातून पान बाहेर, इतकं कोवळं की ते हिरवं नसायचंच, तांबूस असायचं आणि मागून ऊन आलं की आरपार दिसायचं. मी चिडायची. मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, ‘बाई, हे आठ वाजताही असंच दिसेल.’ त्या म्हणाल्या, ‘आठ वाजता हे दुसरं राह्यते. तू झोप, जाय.’ आणि मी जायची नाही, का ते माझं मलाच कळायचं नाही.

हळूहळू त्या जागेत पाय ठेवायला जागा उरायची नाही. लिंबाला ताणानंतर पाणी मिळालं की आठवडाभरात आख्खं झाड पांढरं, आणि वास असा की मी कचेरीत फाइल उघडली तरी ओढणीला लिंबाचा वास यायचा. शेवग्याच्या फुलांचा सडा. कढीपत्त्याला पोपटी तुरे. मोगऱ्याची पानं बाईंनी जानेवारीतच हाताने ओरबाडून काढलेली असायची, त्याच्या बोडक्या काड्यांवर एकदम फुटवे. मधमाश्या इतक्या की मोरीत जायची भीती वाटायची. चोच वाकडी असलेली ती इवलीशी काळी-निळी चिमणी यायची, तिचं नाव बाईंना माहीत नव्हतं, त्या तिला ‘इंजेक्शनवाली’ म्हणायच्या. जमिनीवर सगळीकडे वाळलेल्या पाल्याची जाड गादी. बाई एक पान उचलू द्यायच्या नाहीत. ‘जमिनीले उघडं ठेवू नये,’ म्हणायच्या. मी त्या पाल्यावर उभी राहून चहा प्यायची आणि मला बरं वाटायचं. हे कबूल करायलाही राग येतो, पण मला फार बरं वाटायचं. त्या सकाळी कुणी माझ्याशी गोड बोललं असतं तर मी रडले असते. नशीब की तिथे फक्त बाई होत्या.

त्यांचा मुलगा रायपूरला. तिथेच नोकरी, तिथेच फ्लॅट, बायको तिकडचीच. मुलगा वाईट होता असं मी म्हणणार नाही. दिवाळीला यायचा, आईच्या पाया पडायचा, औषधं आणायचा. फक्त प्रत्येक वेळी अंगणात उभा राहून तेच बोलायचा, ‘मम्मी, ये सब निकाल के टाइल्स लगवा देते हैं. कीचड़ नहीं होगा, गाड़ी भी अंदर आ जायेगी.’ बाई म्हणायच्या, ‘गाड़ी को ठंड लगती है क्या बाहर?’ विषय तिथेच संपायचा, पुढच्या दिवाळीपर्यंत.

शेवटच्या वर्षी, थंडीतच, बाई मोरीपाशी घसरल्या आणि खुबा मोडला. मुलगा येऊन त्यांना रायपूरला घेऊन गेला, ऑपरेशन केलं, घरी आणलं. सगळं नीट केलं. पण फ्लॅट वरच्या मजल्यावर. खाली सिमेंट, वर सिमेंट. बाईंनी जाताना गाडीच्या काचेतून मला एवढंच सांगितलं, ‘मोहोराच्या आधी येतो.’ मुलगा पुढच्या सीटवरून म्हणाला, ‘देखेंगे मम्मी.’

मोहोर आला, बाई आल्या नाहीत. फोन मात्र आला. रोज सकाळी, तोच पहाटेचा मुहूर्त.

‘काय दिसते?’

मी पहिल्या दिवशी म्हटलं, छान दिसतंय सगळं. पलीकडून जो भडका उडाला तो अजून कानात आहे. ‘छान म्हंजे काय? मी आंधळी आहे असं समज अन् सांग.’ मी म्हटलं, थांबा, व्हिडिओ कॉल लावते. तर नाही. मोबाइलमध्ये हिरवा रंग खोटा दिसतो म्हणे. मग मी शाल गुंडाळून अंगणात उभी राहायची आणि सांगायची. लिंबाच्या खालच्या फांदीला कळ्या आहेत, वरच्या फांदीला अजून नाहीत. कळ्या कोणत्या रंगाच्या? पांढऱ्या. नीट पाह्य. मी नीट पाहायची. जांभळट होत्या, बाहेरून. ‘हौ,’ बाई म्हणायच्या. तो ‘हौ’ ऐकायला मी दुसऱ्या दिवशी परत उभी राहायची, आणि कचेरीला उशीर झाला म्हणून दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडायची.

त्या तिथे कशा जगत होत्या हे त्या सांगायच्या नाहीत, पण मधूनच कळायचं. सूनबाई चांगली आहे, म्हणायच्या. टीव्ही मोठा आहे. जेवण खोलीत येते. मग एकदम, ‘इथं सकाळ होतच नाई, पोरी. डायरेक दिवस होते.’ डॉक्टर चालायची परवानगी देणार होता. मुलाचं म्हणणं होतं, आता कायमचं इथंच राहा. बाईंचं म्हणणं होतं, झाडं उभी आहेत, मला गेलंच पाहिजे. त्यांच्याकडे दुसरं काही म्हणणं नव्हतंच. परत यायला त्यांच्याकडे एकच कारण होतं आणि ते मी रोज सकाळी शाल पांघरून त्यांना पुरवत होते.

त्याच दिवसांत त्यांनी मला मधुमालतीच्या काड्या कापायला सांगितल्या. वेल जुनी झाली होती, मलाजखंडच्या क्वार्टरवरून आणलेली. तिच्या काड्या मागच्या कोपऱ्यात लावायच्या होत्या, पाल्याच्या ढिगाच्या शेजारी, तिथली माती भुसभुशीत म्हणून. मी कापल्या, बालदीत पाण्यात ठेवल्या. म्हटलं, लावून टाकते. ‘नको,’ बाई म्हणाल्या. ‘तुह्या हात तापट आहे. तुह्या हातानं नाई लागनार.’ मी इतकी चिडले की फोन ठेवला. कापायला माझा हात चालतो, लावायला तापट. त्या म्हणाल्या होत्या, पोरगा रविवारी बालाघाटला चालला आहे घर पाहायला, तो लावेल, त्याचा हात थंड आहे, लहानपणी त्याने लावलेलं काहीही लागायचं.

त्या रविवारी मी लालबर्ऱ्याला होते, आईकडे. सोमवारी पहिल्या बसने आले. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. मला वाटलं, कुणी कचरा पेटवलाय.

फाटक उघडं होतं. आत काही नव्हतं. म्हणजे होतं, पण काळं. मार्चचा वारा, आणि जमिनीवर ती जाड वाळलेल्या पाल्याची गादी. मोगऱ्याच्या जागी काळ्या काड्या. लिंबाचं खोड उभं होतं, फांद्या कोळशासारख्या. कढीपत्ता आडवा. मधुमालती भिंतीवरून तारेसारखी लोंबत होती. बालदी वितळून चप्पट झाली होती. मुलगा पायरीवर बसला होता. भुवया जळालेल्या, हाताला पट्टी, शर्ट काळा. रात्रभर पाणी मारत होता म्हणाला. गल्लीतले लोक आले होते बालद्या घेऊन, ते फुलं ओढणारे साहेबसुद्धा.

‘कैसे हुआ?’ मी विचारलं.

‘मम्मी ने ही बोला था,’ तो म्हणाला. ‘कोने में पत्तों का ढेर है, उसके बाजू में काड़ी लगा देना, सूख रही है.’

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. बाई त्याच्याशी हिंदीच बोलल्या होत्या, नेहमीप्रमाणे. पण झाडांचे शब्द त्यांच्याकडे मराठीतलेच होते, दुसरे नव्हतेच. काडी. आपण गुलाबाची काडी लावतो, मोगऱ्याची काडी लावतो. रायपुरात काडी एकच, माचिसची. त्याने ढिगाला काडी लावली.

‘काड़ी मतलब कलम,’ मी म्हटलं. ‘बाल्टी में रखी थी. लगाने को.’

तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याला खरंच माहीत नव्हतं. नंतर मला कितीतरी वेळा वाटलं की माहीत असेल, त्याच्या टाइल्ससाठी सोयीचंच झालं, पण तेव्हा त्याचं तोंड पाहिलेलं आहे मी. त्याला माहीत नव्हतं. आणि यानेच माझं डोकं आणखी फिरलं, कारण मुद्दाम केलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

शिव्या द्यायची संधी त्याने दहा मिनिटांत दिली. निघताना म्हणाला, ‘दीदी, आप बोल दो ना उनको. मेरी बात नहीं मानेंगी. बोल दो कि कुछ नहीं बचा. फिर आने की जिद भी नहीं करेंगी.’ आणि मग, समजावणीच्या सुरात, ‘देखो, एक तरह से ठीक ही हुआ. यहाँ अकेली कब तक रहतीं?’

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हिंदीत सुरू केलं आणि मराठीत संपवलं. त्यातलं अर्धं त्याला कळलं नसेल. मी म्हटलं, तुमच्या घराची भाडेकरू आहे मी, निरोप्या नाही. तो खाली मान घालून गाडीत बसला आणि गेला. पण बोलून गेला ते माझ्या डोक्यातून जाईना. कारण खोटं नव्हतं ते. मी सांगितलं की सगळं जळालं, तर बाईंचं कारणच संपत होतं. खोटं सांगितलं की काही नाही, सगळं बहरलंय, तर त्या येतील, फाटक उघडतील आणि हे पाहतील. मी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर काठी घेऊन ती जागा उकरली. एखादं हिरवं पान. एखादा फुटवा. कुठलंही काहीही, म्हणजे त्यांना खरं सांगता येईल आणि तरी त्या येतील. काही नव्हतं. सगळ्यांवर राग आला. मुलावर, बाईंच्या त्या तापट हाताच्या खुळावर, मी कापलेल्या काड्यांवर. मी का नाही गुपचूप लावून टाकल्या. लावल्या असत्या तर तो कशाला काडी शोधत बसला असता.

सकाळी फोन वाजला. मी अंगणात गेले. शाल घेतली नाही.

‘काय दिसते?’

‘बाई, काही दिसत नाही. जळालं सगळं.’

पलीकडे टीव्हीचा आवाज होता. मग तो बंद झाला.

‘लिंबू?’

‘गेलं.’

‘मोगरा? दोन्ही?’

‘दोन्ही.’

‘शेवगा, कढीपत्ता, अबोली,’ बाई एकेक नाव घेत होत्या आणि मी प्रत्येकाला गेलं, गेला, गेली म्हणत होते. अपघातानंतर घरातल्यांची चौकशी करतात तसं. मधुमालतीचं नाव त्यांनी सगळ्यात शेवटी घेतलं.

‘कोनं लावली आग?’

मी सांगितलं. काय ऐकून लावली तेही सांगितलं. लपवायचं काही कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते त्यांना ऐकवायचंच होतं.

 मग बाई बोलल्या तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ‘मी शाळेत दिवसभर हिंदीत शिकवो. घरी आलो का पोराशीबी हिंदीच. मराठी बोललो तर पोरगं शाळेत मागं पडन, साह्यबाच्या पोराईत बसनार नाई, असं वाटे. मराठी माह्या तोंडात नुसती भरून राहे. मंग क्वार्टरच्या मागं जाऊन झाडाईशी बोलो. झाडाईले सगळं सांगतलं मी. त्याले काडी म्हंजे काय तेवढं नाई सांगतलं.’

 त्यांच्या मागून मुलाचा आवाज ऐकू आला, तो रात्री उशिरा पोचला असणार. ‘मम्मी, छोड़ो अब. वहाँ अब है ही क्या?’

‘हौ,’ बाई त्याला म्हणाल्या, मराठीत. ‘काहीच नाई. मंग मले जावंच लागन ना.’

आणि फोन बंद झाला.

त्या आल्या. डॉक्टरने हो म्हटलं की नाही ते मी विचारलं नाही. मुलगाच घेऊन आला, गाडी बाहेर रस्त्यावर लावून. बाई वॉकर टेकत फाटकातून आत आल्या. मी आणि शेजारच्या वहिनी दोघी वाट पाहत होतो की आता फुटतील, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्याने आम्ही जास्त घाबरलो. राखेत वॉकरचे पाय रुतत होते. त्या थेट लिंबाच्या खोडापाशी जाऊन थांबल्या, आणि मुलाला म्हणाल्या, ‘आळं कर.’

‘क्या करूँ?’

‘आळं.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. झाडाच्या बुडाशी पाणी साचायला गोल खळगा करतात ते, हिंदीत थाला, एवढं मी म्हटलं असतं की झालं असतं. मी तोंड उघडलंही. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. मग त्यांनी वॉकरचा एक हात सोडला, माझ्या हातातली काठी घेतली आणि काळ्या खोडाभोवती राखेत गोल काढला. पूर्ण निघेना, वाकता येत नव्हतं. मुलगा खाली बसला, इस्त्रीची पँट तशीच राखेत, आणि उरलेला गोल त्याने बोटाने पुरा केला.

‘हे,’ बाई म्हणाल्या. ‘याले आळं म्हनते. म्हन.’

‘आलं,’ तो म्हणाला.

‘आलं नाई अजून काही,’ बाई म्हणाल्या. ‘आळं म्हन.’